प्लासिडच्या बंदुकीची प्रायव्हसी

आमच्या सांडोर गावात चर्चच्या घंटेच्या खालोखाल मान कशाला असेल, तर तो प्लासिड मच्याडोच्या बंदुकीला. घंटा निदान रोज वाजते. बंदूक प्लासिडच्या हातून आयुष्यात एकदाच वाजली, चिकूवर लोंबणाऱ्या वटवाघळावर, आणि लागली शेजारच्या रुडॉल्फच्या पाण्याच्या टाकीला. वटवाघूळ चिकू संपवून सावकाश उडून गेलं. रुडॉल्फ तेव्हापासून प्लासिडशी फक्त नाताळात आणि मयताला बोलतो.

मी रिटा. प्लासिडच्या दुसऱ्या बाजूला राहते आणि शिवणकाम करते. पहिल्या कम्युनियनचे फ्रॉक, नवरीचे गाऊन, पडदे, उशांचे अभ्रे. शिवणाऱ्या बाईसमोर लोक मोकळेपणी बोलतात, कारण तिच्या तोंडात टाचण्या असतात आणि ती मधे बोलत नाही. म्हणून या गावात मला जेवढं माहीत आहे तेवढं फादरनाही माहीत नसेल. त्यांना लोक निदान पापंच सांगतात, मला सगळं सांगतात.

तर ही बंदूक. एकनळी, बारा बोअरची, प्लासिडच्या वडिलांनी, म्हणजे पापांनी, शेतीच्या राखणीसाठी परवाना काढून घेतलेली. त्या काळी वाडीत रानडुकरं शिरायची. आता डुकरं येत नाहीत, जमिनीचे दलाल येतात, आणि त्यांच्यासाठी सरकार परवाना देत नाही. पापा गेल्यावर परवाना आणि बंदूक दोन्ही प्लासिडच्या नावावर झाली. त्याच दिवशी त्याने मिशी वाढवायला घेतली.

प्लासिडची वाडी म्हणजे केळी, थोडी भाजी, विहिरीकडेला अळू आणि मागच्या टोकाला जुना बांध. बांधापलीकडची जमीन काही वर्षांपूर्वी जितेंद्र नावाच्या दलालाने घेतली आणि बघता बघता तिथे चाळी उभ्या राहिल्या. असल्या माणसांच्या भिंती कशा चालतात हे वसईत कोणाला सांगायला नको. पावसात वाडीत पाणी साचतं, मागे कोणी जात नाही, आणि पाणी ओसरलं की भिंत पुढे आलेली असते. प्लासिडची बायको क्लेमेंटीन म्हणून मागे लागली होती की सरकारी मोजणी करून घेऊ, बांधावर दगड घालून घेऊ.

"बंदूकवाल्याच्या बांधाला हात लावायची कोणाची छाती आहे?" प्लासिड ओटीवर बसून म्हणायचा. "आणि सरकारी माणूस माझ्या जमिनीत फिरणार, नावं विचारणार, कागद बघणार? माझी माहिती ती माझी माहिती."

"माहिती नको, पण जमीन?" क्लेमेंटीन विचारायची.

"जमिनीला बंदूक आहे," तो सांगायचा. मग ती पदराला हात पुसून आत जायची. वाडी तिच्या एकटीच्या कष्टावर चालते. प्लासिडचे गुडघे गेल्यापासून त्याचा कारभार ओटीपुरता आहे, आणि ओटीवरून मागचा बांध दिसत नाही.

बंदूक गावाला दिसायची ती निवडणुकीत. आचारसंहिता लागली की परवानावाल्यांनी आपली हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर परत न्यायची, असा नियम आहे. बाकीचे लोक हे काम गुपचूप उरकतात. प्लासिड रविवारी चर्चमध्ये मिस्साला जायची पँट घालून निघायचा. निळ्या फुलांच्या चादरीत गुंडाळलेली बंदूक स्कूटरवर गुडघ्यांच्या मधे उभी. चर्चपाशी थांबायचा, बेकरीपाशी थांबायचा, पाव नको असले तरी भाव विचारायचा.

"जमा करायला निघालोय," तो न विचारता सांगायचा. "कायदा म्हणजे कायदा."

निकाल लागला की तीच वरात उलटी. लोकसभा झाली, विधानसभा झाली, यंदा महापालिका झाली. मतं मागायला आलेले उमेदवार नंतर दिसले नाहीत, पण प्लासिडची बंदूक मात्र दर वेळी इमानाने घरी आली. आम्ही सगळे ते बघायचो आणि मनात म्हणायचो, चला, निदान एका घरात तरी दम आहे. लबाडी कशाला करू, मीसुद्धा म्हणायचे. आमच्या घरांच्या मधे कुंपण नाही. त्याची बंदूक माझीही राखण करते असं मला वाटायचं.

मधल्या काळात सरकारने एक नवीन टूम काढली होती. देशातल्या प्रत्येक परवान्याची माहिती संगणकात भरायची, प्रत्येकाला एक नंबर मिळणार, आणि मुदतीनंतर ज्याच्याकडे नंबर नसेल त्याचा परवाना रद्द. प्लासिड खवळला. "आज बंदुकीचा नंबर, उद्या माझ्या दातांचा नंबर!" असं तो माझ्या मशीनपाशी बसून गरजला. सरकारने मुदत वाढवली. प्लासिड म्हणाला, घाबरले. सरकारने पुन्हा वाढवली. प्लासिडने ओटीवर बसल्या बसल्या विजय साजरा केला. शेवटची मुदत कधी आली आणि कधी गेली, ते त्याने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. बंदूक तर निवडणुकीला दिसतच होती.

आता हाच प्लासिड मॉलमधल्या लकी ड्रॉच्या डब्यात चिठ्ठी टाकताना नाव, पत्ता, मोबाईल, जन्मतारीख आणि लग्नाची तारीखसुद्धा भरून आला होता. बँकेतून बोलतोय म्हणून कोणा पोराचा फोन आला तर त्याला आईचं माहेरचं नाव सांगायचा. माहिती द्यायची नाही ती फक्त सरकारला. तत्त्वाचा माणूस.

यंदा निवडणुकीनंतर तिकडे पूर्वेला, चांदीपच्या बाजूला, एका घरातून बंदूक चोरीला गेल्याची बातमी आली. झालं. आमच्या गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन तट पडले. एक तट म्हणे, कोणत्या घरात बंदूक आहे हे शेजाऱ्यांना कळलंच पाहिजे, सगळ्यांची यादी जाहीर करा. दुसरा म्हणे, यादी जाहीर केली तर चोरांना हॉटेलचं मेनू कार्डच मिळालं. ज्यांच्याकडे साधी गलोल नाही तेही तावातावाने भांडत होते. रविवारी मिस्सानंतर चर्चच्या पॅरिश हॉलमध्ये बैठक ठरली.

बैठकीत रुडॉल्फ उभा राहिला. पोस्टातून निवृत्त झालेला, ग्रुपचा अॅडमिन, आणि टाकी फुटलेला. "माझा नातू कोणाच्या घरी खेळायला जातो, त्या घरात भरलेली बंदूक आहे की नाही, हे मला कळायला नको?" त्याने विचारलं. प्रश्न रास्त होता. मी मान हलवली.

मग प्लासिड उठला. एवढं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. "घरात दागिने किती, हे आपण दारावर लिहितो का?" तो म्हणाला. "यादी केली की ती फुटणार. आणि फुटली की ती तुमच्या हातात नाही येणार, पहिली चोराच्या हातात जाणार. ज्याच्याकडे बंदूक आहे तिथे तो बंदूक चोरायला येईल. ज्याच्याकडे नाही हे कळलं, तिथे बाकी सगळं चोरायला येईल!" शेवटचं वाक्य बोलताना त्याचा आवाज चिरकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. यादी नको असा ठराव झाला. आमच्या ठरावाला कोण विचारतं म्हणा, पण झाला.

क्लेमेंटीन माझ्या शेजारी बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. "गो रिटा," ती हळूच म्हणाली, "मागच्या ओळीतली केळी कमी झाल्यात. हा म्हणतो डुकरांनी नेली. डुकरं केळी मुळासकट नेऊन वर भिंत बांधतात का?"

पुढच्याच आठवड्यात यादी फुटली. कुठून फुटली ते देवाला ठाऊक. ग्रुपवर एक पीडीएफ येऊन पडली, तालुक्यातल्या शस्त्र परवानेधारकांची नावं, पत्ते, हत्याराचा प्रकार. ठरावाच्या बाजूने हात वर केलेल्या सगळ्यांनी ती पहिल्या पाच मिनिटांत उघडली. मीही उघडली. डॉक्टर होते, बिल्डर होते, एक सज्जन माणूस होता ज्याच्याकडे दोन पिस्तुलं निघाली आणि दुसऱ्या दिवसापासून लोक त्याला आधी नमस्कार करू लागले. सांडोर गाव शोधलं. मच्याडो शोधलं. प्लासिड शोधलं. नाव नव्हतं.

मला वाटलं, छपाईची चूक असेल. गावाला तसं वाटलं नाही. गावाचा तर्क सरळ होता. बंदूक आम्ही डोळ्यांनी बघितली आहे, यादीत नाव नाही, म्हणजे बंदूक बेकायदा. संध्याकाळपर्यंत प्लासिडची मिशीसुद्धा लोकांना गुन्हेगाराची वाटायला लागली. बेकरीवाला म्हणाला, एवढा पावाचा भाव विचारायचा तेव्हाच मला शंका आली होती. पॅरिश हॉलमध्ये टाळ्या वाजवणारे म्हणाले, म्हणून तर यादी नको होती याला! पोलिसांना कोणी फोन केला ते गावात अजून कोणी कबूल केलेलं नाही. टाकी फुटलेला माणूस एकच आहे, एवढंच मी म्हणते.

दुसऱ्या दिवशी दुपारी हवालदार संकेत आणि त्याच्याबरोबर दोघे आले. पोरगा सभ्य होता, चपला ओटीखाली काढल्या. आम्ही शेजारी अर्थातच प्लासिडच्या मदतीला धावलो, म्हणजे रस्त्याकडच्या कुंपणाला टेकून उभे राहिलो.

"काका, बंदूक दाखवता का जरा?" संकेतने विचारलं.

"बंदूक जमा आहे," प्लासिड म्हणाला.

"कुठे?"

"तुमच्याकडेच!"

संकेतने कुंपणाकडे बघितलं. "पण ही मंडळी म्हणतायत की निकालानंतर तुम्ही घरी आणलीत. सगळ्यांनी बघितलं म्हणे."

प्लासिडने आमच्याकडे बघितलं. सबंध गाव साक्षीला होतं, आणि ते त्यानेच चर्चपासून बेकरीपर्यंत थांबत थांबत जमवलं होतं. आणली म्हटलं तर बिनपरवाना हत्यार, सरळ कोठडी. नाही आणली म्हटलं तर मग स्कूटरवर काय होतं?

"माझ्या घरात काय आहे आणि काय नाही," तो उसनं अवसान आणून म्हणाला, "हे सांगायला मी बांधील नाही. माझी प्रायव्हसी आहे."

"काका, मग मला झडती घ्यावी लागेल. वरिष्ठांना विचारतो."

तेवढ्यात क्लेमेंटीन आतून बाहेर आली. तिच्या दोन्ही हातांत निळ्या फुलांच्या चादरीचं गाठोडं होतं. "क्लेमेंटीन, नको," प्लासिड म्हणाला. एवढा लहान आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता.

"तुझ्या प्रायव्हसीपायी तुला तुरुंगात घालून डबा कोण पोचवणार?" ती म्हणाली आणि तिने ओटीवरच चादर उलगडली.

आतून पडद्याचा दांडा निघाला. पितळी, दोन्ही टोकांना कमळाच्या कळीसारखी बोंडं असलेला. मी तो लगेच ओळखला. त्यांच्या हॉलचे पडदे मीच शिवलेत आणि त्या दांड्याच्या मापाने शिवलेत. काही वर्षांपासून ते पडदे सुतळीवर लटकत होते. मी विचारलं तेव्हा क्लेमेंटीन म्हणाली होती, दांड्याला वाळवी लागली. पितळेला वाळवी! आणि माझ्यासारखी बाई, जिला सगळं कळतं म्हणून मी वर छाती फुगवली, ती हो का गो म्हणून गप्प बसली होती.

मग सगळं बाहेर आलं, ते क्लेमेंटीनच बोलली. बंदूक मागच्या एका निवडणुकीत खरोखरच जमा केली होती. निकालानंतर प्लासिड आणायला गेला तर तिथल्या साहेबाने नंबर विचारला. नंबर नाही, कारण माहिती द्यायची नाही. मुदत संपली होती. नंबर नाही तर परवाना नाही, परवाना नाही तर बंदूक नाही. प्लासिड रिकाम्या हाताने परत यायचा तो गावाला तोंड कसं दाखवणार, म्हणून अंधार पडेपर्यंत बंदरावर बसून राहिला. पुढच्या निवडणुकीला त्याने हा दांडा चादरीत गुंडाळला. पोलीस ठाण्याच्या रस्त्याने निघायचा आणि वळून थेट आगाशीला बहिणीकडे. दांडा तिथे ठेवायचा, जेवायचा, झोपायचा, परत यायचा. निकालानंतर पुन्हा आगाशी, पुन्हा जेवण, आणि दांडा घरी. त्याची बहीण मासे उत्तम करते, त्यामुळे लोकशाहीवर त्याची श्रद्धा वाढतच गेली होती.

संकेतने ठाण्यात फोन लावला. तिथून कोणीतरी सांगितलं की हो, मच्याडोच्या नावावरची एक एकनळी मुद्देमालाच्या खोलीत पडून आहे. "गंज चढलाय म्हणतात काका," तो म्हणाला. त्याने हसू दाबलं, आम्ही दाबलं नाही. रुडॉल्फ तर एवढा हसला की त्याला ठसका लागला आणि क्लेमेंटीननेच आतून पाणी आणून दिलं.

प्लासिड खुर्चीत बसून होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती बायकोनेच उघडली होती. लोक गेल्यावर मी त्याच्याजवळ गेले. म्हटलं, बरं झालं रे, तुरुंग टळला.

"तुला कळत नाही रिटा," तो म्हणाला. "हसण्याचं काही नाही. आता मागच्या बांधाचं काय? त्या दलालाला कळलं की बंदूक नाही, की तो घुसणार. एवढी वर्षं मी कशासाठी हा दांडा मिरवला असेल?"

मला खरंच वाईट वाटलं. मी त्याला बढाईखोर समजत होते, आणि तो आहेच. पण बिचारा त्या दांड्याने जमीन राखत होता.

तो घुसायला फार दिवस लागले नाहीत. चार दिवसांनी जितेंद्र आला, पुढच्या दाराने, मिठाईचा बॉक्स घेऊन. मी ओटीवर क्लेमेंटीनच्या ब्लाऊजचं माप घेत होते. तोंडात टाचण्या.

"अंकल, टेन्शन नाही घ्यायचं," तो बसत म्हणाला. "गाव काय, हसतं आणि विसरतं. मी म्हणतो, या वयात वाडी झेपत नाही ना तुम्हाला? चांगला रेट देतो. बघा विचार करून."

"बंदूक नाही कळल्यावर हिंमत आली तुला," प्लासिड म्हणाला.

जितेंद्र मनापासून चकित झाला. "अंकल, तुमची बंदूक नाही हे गावाला आत्ता कळलं. आम्हाला तीन वर्षांपासून माहीत आहे! आपल्या धंद्यात प्लॉट घ्यायच्या आधी बाजूचे सगळे चेक करतात. कोणाचा मुलगा कुठे, कोणाची केस चालू, कोणाकडे काय सामान. यादी काय, पैसे टाकले की मिळते. फुटायच्या आधीच मिळते." मग जरा थांबून तो कौतुकाने म्हणाला, "पण तुम्ही स्कूटरवर काय जायचात, बाप रे! आमची पोरं बघायला यायची."

"आणि भिंत कधी बांधलीस रे बाबा?" क्लेमेंटीनने हात वर धरलेल्या अवस्थेतच विचारलं.

"भिंत ना? त्याच पावसाळ्यात, आंटी." बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. तो उठला. मिठाईचा बॉक्स तिथेच राहिला.

मी तोंडातल्या टाचण्या काढल्या. पॅरिश हॉलमधलं प्लासिडचं भाषण मला आठवत होतं. यादी पहिली चोराच्या हातात जाणार, असं तो म्हणाला होता. अक्षर न् अक्षर खरं होतं. ती गेली तेव्हा तो आमच्यापासून गुपित राखत होता, म्हणजे मी, रुडॉल्फ आणि बेकरीवाला, जे त्याच्या केळीचं पानसुद्धा न विचारता तोडणार नाहीत. ज्याच्यासाठी दांडा मिरवला, तो भिंतीमागे उभा राहून हसत होता. मला संताप आला. जितेंद्रचा आला, प्लासिडचा आला, आणि कुंपणाला टेकून हसलेल्या माझाही आला.

मोजणीचा अर्ज क्लेमेंटीनने केला. सरकारी कामाला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागला. मोजणीदार आला तेव्हा प्लासिड काठी टेकत मागे गेला, किती वर्षांनी गेला कोण जाणे. काठीने भिंत ठोकून बघितली. मोजणीदाराने नाव विचारलं. प्लासिडने पूर्ण नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, वय, पत्ता, मोबाईल नंबर, आणि घरचा जुना लँडलाइनचा नंबर, जो बंद होऊन युगं झाली.

जुन्या हद्दीचा दगड सापडला तो भिंतीच्या पलीकडे, चाळीच्या अंगणात, कोणाच्या तरी धुणं धुवायच्या फरशीखाली. मोजणीचं मशीन अलीकडे वाडीत लावलेलं. तिथून दगड दिसेना, म्हणून मोजणीदार म्हणाला, कोणीतरी पलीकडे जाऊन दगडावर उंच काहीतरी उभं धरा. क्लेमेंटीन घरात गेली आणि दांडा घेऊन आली. प्लासिडने तो तिच्या हातातून घेतला. रुडॉल्फ त्याला आपल्या स्कूटरवर बसवून गल्लीतून वळसा घालून पलीकडे घेऊन गेला, आणि ते दोघे वाटेत बोललेसुद्धा म्हणे.

आम्ही अलीकडे उभे होतो. भिंतीवरून प्लासिड दिसत नव्हता. फक्त दांड्याचं पितळी बोंड तेवढं वर आलेलं दिसत होतं, भिंतीपासून केळीच्या दोन ओळी मावतील इतकं पलीकडे. तिथपर्यंत त्याची जमीन होती.

"काका, हलवू नका," मोजणीदार ओरडला. "सरळ धरा."

"सरळच धरलाय," पलीकडून प्लासिडचा आवाज आला. "मला सवय आहे."